दीर म्हणजे जनावर

कुंदाबाईंनी यंदा चातुर्मासात कुणाची निंदा न करण्याचा नेम घेतला, तेव्हा धाकट्या जावेचा मुलगा श्रावणात हॉलंडहून येणार आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी मीठ सोडलं असतं. अळणी जेवण घशाखाली उतरतं. न केलेली निंदा उतरत नाही. ती छातीत अडकून बसते आणि नेमकी आरतीच्या वेळी वर येते.

दंडही त्यांनी स्वतःच ठरवला होता. तोंडून निंदा गेलीच, तर दुसऱ्या दिवशी उठल्यापासून देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. आषाढात हा दंड फारसा भरावा लागला नाही. मग धुळ्याहून दिपमालाचा फोन आला.

"अक्का, ललित येतोय बरं का कानबाईला! तिकडं इतका रमलाय की मराठीच विसरायला लागलाय. फाडफाड बोलतो त्यांची भाषा. झोपेतसुद्धा तीच बडबडतो."

"झोपेतलं तुला धुळ्यात कसं गं ऐकू येतं?" कुंदाबाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं. हा प्रश्न होता, निंदा नव्हे.

दिपमालाने तो ऐकलाच नाही. "म्हणून यांचं म्हणणं पडलं, यंदा कानबाई धुळ्यालाच बसवावी. पोरगं एवढं विमानातून येणार, त्याला पुन्हा जळगावपर्यंत कशाला हिंदकळवायचं?"

'यांचं म्हणणं' म्हणजे झुलालभाऊंचं. दिपमालाचे यजमान आणि कुंदाबाईंचे सख्खे दीर. दिपमालाच्या मनात जे जे येतं ते ते 'यांचं म्हणणं' म्हणूनच बाहेर पडतं, हे सगळ्या भाऊबंदांना माहीत होतं. पण शेवटचा शब्द झुलालभाऊंचाच चाले, कारण थोरले रुपचंद, म्हणजे कुंदाबाईंचे यजमान, कधी शेवटापर्यंत बोलतच नसत.

फोन ठेवून कुंदाबाई ओसरीवर जाऊन बसल्या. कानबाई म्हणजे श्रावणात एका रविवारी नारळाच्या रूपात घरी बसणारी खानदेशची देवी. सासूबाईंनी तिचा नारळ आणि तिची नथ त्यांच्या ओटीत घातली, तेव्हापासून कानबाई बसली ती जळगावला, त्यांच्या ओसरीवर. भाऊबंद यायचे. प्रत्येक पुरुष आपल्या हाताने आपल्या नावाचे मूठभर गहू सुपात टाकायचा, त्याचंच पीठ दळून प्रसादाचे रोट व्हायचे, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर निघताना नथ घातलेली कानबाई डोक्यावर घ्यायचा मान घरच्या बाईचा. आता ती डोक्यावर दिपमाला घेणार. हॉलंडच्या मुलाची आई म्हणून धुळ्यातलं अख्खं देवपूर बघणार. कुंदाबाईंचा ज्ञानेश्वर चोपड्याला ठिबकच्या नळ्या विकतो. गुणी मुलगा, पण त्याच्या झोपेतल्या बडबडीचं कौतुक कुणाला?

त्यांनी विचार केला. ललित लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडेच असायचा, 'मोठी आई' म्हणत पदराला लोंबकळायचा. तो आल्याबरोबर आपण त्याच्याशी त्याच्या नव्या भाषेत दोन वाक्यं बोललो तर? तोच म्हणेल, कानबाई मोठ्या आईकडेच. मग यांचं म्हणणं आणि तिचं म्हणणं दोन्ही बाजूला. छोटंसं काम. दोन वाक्यं.

शेजारच्या सुगंधाबाईंनी लगेच पत्ता दिला. "अहो, स्टेशनरोडला क्लास आहे. आमच्या भाचीची मैत्रीण तिथूनच गेली परदेशात. कुठं गेली ते विचारू नका, पण गेली."

क्लास होता तो जर्मनचा. जिना चढून गेल्यावर टेबलाशी बसलेल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "जीएनएम की बीएस्सी नर्सिंग?"

"काहीच नाही."

"मग व्हिसा नाही होणार. बारावीची मार्कशीट आणलीय? मूळ प्रत?"

"बाळ, मी मॅट्रिक आहे. एरंडोलची."

मग त्या मुलीने मान वर केली. "आजी, मुलीला पाठवा ना. ॲडमिशनला कँडिडेट लागतो."

आजी! कुंदाबाईंनी पदर सावरला. सकाळीच उपासाची भगर खाऊन निघाल्या होत्या, म्हणून आवाज चढला नाही. "मला डच शिकायचंय. दोनच वाक्यं."

"डच नाही. जर्मन घ्या, शेजारीच आहे."

"आमच्या शेजारी गुजरात आहे. म्हणून मी आरती गुजरातीत म्हणते का?"

हे आतल्या खोलीतून विक्रमसरांनी ऐकलं. हा शिकवणारा तरुण हसत बाहेर आला, त्यांना खुर्ची दिली, मोबाइलमध्ये डच शिकायचं ॲप उतरवून दिलं, आणि मासला म्हणून एका शब्दाची गोष्टही सांगितली. जर्मन लोक जनावराला 'टीर' म्हणतात. स्वीडनवाले 'यूर'. हॉलंडवाले 'दीर'. हे सगळे एकाच जुन्या शब्दाचे वंशज. आणि इंग्रजांचा 'डिअर' हाही त्यातलाच. एकेकाळी तोही कुठल्याही जनावराला चालायचा, मग शिकारीच्या नादात हरणापुरता उरला, आणि बाकीच्या जनावरांसाठी इंग्रजांना 'ॲनिमल' बाहेरून आणावा लागला.

ऐकता ऐकता कुंदाबाईंच्या डोळ्यांपुढे सातबारा उभा राहिला. एक मूळपुरुष, त्याची ही पोरं. जर्मनाने आणि हॉलंडवाल्याने वडिलांचं रान होतं तसं राखलं. इंग्रजाने सगळं घालवून एक हरीण तेवढं ठेवलं आणि घर चालवायला दुसऱ्याच्या दारात उसनवारीला गेला. भाऊबंदकी ती भाऊबंदकीच.

"आपल्यातही तसंच झालंय हो," त्या म्हणाल्या. "मृग म्हणजे आता हरीण. पण सिंहाला मृगेंद्र म्हणतात. नुसत्या हरणांचा राजा सिंह कसा होईल? माकडाला शाखामृग. म्हणजे आधी सगळीच जनावरं मृग असणार."

विक्रमसर बघतच राहिले. हे त्यांनी फळ्यावर लिहून घेतलं. खरोखर लिहून घेतलं! कुंदाबाईंना एकच वाईट वाटलं, दिपमाला इथं हजर नव्हती.

जिना उतरताना मग त्यांना 'दीर' हा शब्द पुन्हा ऐकू आला, आणि त्या जिन्यातच थांबल्या. दीर म्हणजे जनावर? झुलालभाऊंचं पोट त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मनातल्या मनात आलेली निंदा धरायची की नाही, हे नेमात ठरलंच नव्हतं. वरून विक्रमसर ओरडून सांगत होते, "काकू, त्या मूळ शब्दाचा अर्थ श्वासाशी जोडतात, श्वास घेणारं ते…" पण कुंदाबाई हसू दाबण्यात होत्या. अर्धं ऐकलं, अर्धं जिन्यात राहिलं.

ॲपने दुसऱ्याच दिवशी जनावरांचा धडा काढला. दोन वाक्यांवर थांबायचं ठरलं होतं, पण ॲप बरोबर उत्तराला टाळ्या वाजवायचं, आणि कुंदाबाईंसाठी टाळ्या कुणी वाजवून बरीच वर्षं झाली होती. डचमधला 'ग' घसा खाकरल्यासारखा काढायचा असतो. त्या खाकरू लागल्या की भिंतीपलीकडून सुगंधाबाई ज्येष्ठमधाची काडी घेऊन यायच्या.

"काय सासुरवास या वयात," असं म्हणून त्यांनी एकदा सल्लाही दिला. "आमची नात इंग्रजी कशी शिकली? स्वतःचा आवाज मोबाइलात भरायचा आणि ऐकायचा. चूक आपोआप कळते."

त्याच दुपारी दिपमालाचा पुन्हा फोन आला. ललित आज रात्री पोचतोय, त्याच्यासाठी खास पाश्चात्त्य पद्धतीचा उशांचा जोड आणलाय, कानबाईचा चौरंगही रंगवून घेतलाय. चौरंग! अजून झुलालभाऊंनी शब्द दिला नव्हता. शनिवारी सांगतो म्हणाले होते. फोन ठेवल्यावर कुंदाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "सुगंधाबाई, हिचा मुलगा बोलतो थोडं आणि ही बोलते फार. नथ तरी पेलेल का तिच्या नाकाला? नाक आहेच कुठं?"

सुगंधाबाई खूश झाल्या. कुंदाबाईंनी जीभ चावली. उद्या मौन.

उद्या बोलायचं नाही म्हणून संध्याकाळीच त्यांनी सराव उरकायला घेतला. सांजवात केली, हात जोडले, मोबाइलचं माइकचं चिन्ह दाबलं आणि स्पष्ट, सावकाश, पोथी वाचावी तशा म्हणू लागल्या:

"दीर. दीर म्हणजे जनावर. हेत दीर इज ख्रोट. म्हणजे, जनावर मोठं आहे. हेत दीर एट फेल. जनावर फार खातं. हेत दीर स्लाप्ट. जनावर झोपलंय. हेत दीर ड्रिंक्ट. जनावर पितंय."

मग ऐकायला म्हणून बोट लावलं, तर वर नाव दिसलं, 'कानबाई भाऊबंद'. धुळे, धरणगाव, मुक्ताईनगर, चोपडा, जिथे जिथे घरचे होते ते सगळे त्या ग्रुपात. कुंदाबाईंनी घाईघाईने तो निरोप खोडला. मोबाइलने विचारलं, कुणासाठी खोडू? त्यांनी 'माझ्यासाठी' दाबलं. दुसऱ्यांसाठी आपण कशाला खोडायचं, त्यांचं ते बघतील, इतका साधा विचार. निरोप त्यांच्या मोबाइलातून गेला आणि बाकी सगळीकडे सुखरूप राहिला.

झुलालभाऊंबद्दल दोन गोष्टी इथेच सांगितलेल्या बऱ्या. ते दुपारी जेवून गाढ झोपतात. आणि माळ घालण्याआधी ते पीत असत. माळ घातल्यावर थेंबही घेतला नाही, पण कुणी 'पितो' हा शब्द उच्चारला की आजही त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. चहा पितो म्हटलं तरी ते 'चहा घेतो' म्हणायला लावतात.

सकाळी फोन वाजला. कुंदाबाईंचं मौन सुरू झालेलं, रुपचंद दूध आणायला गेलेले. धुळ्याचा नंबर. न उचलावा तर अपमान. त्यांनी उचलला.

"वहिनी, ते तुम्हीच बोलनात ना?"

"हं," कुंदाबाई म्हणाल्या. 'हं' हा शब्द नाही, त्याला मौनात सूट असते.

"दीर म्हंजे जनावर?"

कुंदाबाईंनी जोरजोरात मान हलवली. फोनमधून मान दिसत नाही.

"बोला ना! फार खास? झोपस? माळ घाली तधयपाईन थेंब तरी लिधा का मी? अन् तुम्ही बठ्ठा ग्रुपमा सांगतस, पेस म्हनीसन!"

कुंदाबाईंनी कळवळून देवापुढची घंटा वाजवली. 'थांबा' अशा अर्थाने. झुलालभाऊंना ते अर्थातच थट्टेसारखं वाटलं.

"घंटा वाजाडतस? मी काय ढोर शे का, गळामा घंटा बांधाले? ऐका मंग. मी येवाव नही. मना गहूबी येवाव नही. कानबाई आठेच बसी, धुयाले!"

एवढ्यात सुगंधाबाई आल्या, परिस्थिती ओळखून त्यांनी फोन हातात घेतला आणि शेजारधर्माला जागल्या. "झुलालभाऊ, गैरसमज नका करून घेऊ. वाकडं काही नाही त्यात. दीर म्हणजे जनावर हे त्या रोज पाठच करतात. खाकरून खाकरून म्हणतात."

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला.

रुपचंद दुधाची पिशवी घेऊन आले तेव्हा त्यांची बायको ओसरीवर उभी राहून एका हाताने मिशी, दुसऱ्या हाताने पोट दाखवत होती. मग दोन्ही हातांची शिंगं करून धुळ्याच्या दिशेने डोकं हलवत होती.

"झुलाल?" रुपचंदांनी ओळखलं. कुंदाबाईंनी मान डोलावली. शिंगं पुन्हा.

"म्हैस?" रुपचंदांचा चेहरा उतरला. "झुलालला म्हशीनं मारलं?" आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बायकोला न विचारता फोन लावला. "झुलाल! अरे, म्हशीचं काय ऐकतोय मी? कुठं लागलं?"

सख्ख्या भावालाही म्हैसच आठवावी, याचं झुलालभाऊंना जे वाटलं ते त्यांनी फोनवर इतक्या मोठ्याने सांगितलं, की कुंदाबाईंना ते स्वयंपाकघरात ऐकू गेलं. त्यांनी पुरणाचा बेत रद्द करून नुसता शिरा टाकला, देवीसमोर ठेवला, पाणी फिरवलं, आणि नैवेद्य दाखवल्याबरोबर दोनच शब्द बोलल्या:

"धुळ्याला चला."

एस.टी.त पारोळ्यापर्यंत त्यांनी रुपचंदांना सगळं सांगितलं. रुपचंद खिडकीतून कापसाची शेतं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "शिकायचंच होतं तर फुलांचा धडा घ्यायचास." कुंदाबाईंच्या पिशवीत कानबाईच्या नथीची डबी होती. झुलालभाऊंनी नाहीच ऐकलं, तर ती तिथेच ठेवून यायची, एवढं मन त्यांनी केलं होतं. डबी मात्र पिशवीच्या तळाशी होती, आणि मुठीतही.

दार दिपमालाने उघडलं. मागे रंगवलेला चौरंग दिसला. हिरवा, वर सोनेरी वेलबुट्टी. देखणा होता. कुंदाबाईंना तो देखणा आहे हेच जास्त लागलं.

"या अक्का. हे खाली गेलेत नारळ आणायला," दिपमाला 'नारळ' या शब्दावर जरा रेंगाळली. "ललित, बघ मोठी आई आली."

ललितने वाकून नमस्कार केला. कुंदाबाईंनी आता मागेपुढे बघितलं नाही. घसा खाकरून म्हणाल्या, "हेत दीर इज ख्रोट."

ललित बघत राहिला. "काय झालं, मोठी आई? पाणी देऊ?"

"अक्का, चुकीचं बोलला असाल," दिपमाला हसली. "त्याला तिकडची शुद्ध भाषा लागते. ललित, तू म्हणून दाखव रे नीट."

ललित उशांच्या नव्या जोडाकडे बघू लागला. "आई, आमच्या ऑफिसात इंग्रजीच चालतं. खोलीवर तिघं आहोत, दोघं नाशिकचे. मला 'दांक यू वेल' तेवढं येतं. म्हणजे, थँक्यू."

"आणि झोपेत?" रुपचंदांनी निरागसपणे विचारलं.

कुंदाबाईंच्या जिभेवर त्या क्षणी इतकं सुंदर वाक्य आलं होतं, की ते गिळताना डोळ्यांत पाणी आलं. दिपमालाला वाटलं, अक्का हळव्या झाल्या.

बाहेर जिन्यात धाप ऐकू आली. झुलालभाऊ दुसऱ्या मजल्यावर नारळाची पिशवी घेऊन चढत होते. कुंदाबाईंनी पुरावा हाताशी असावा म्हणून ॲप उघडलं, धडा लावला, आणि झुलालभाऊ दारात पाय टाकायला आणि मोबाइलमधली परकी बाई गोड आवाजात बोलायला एकच गाठ पडली: "हेत दीर ड्रिंक्ट."

"हाई कोन बाई शे आते?" झुलालभाऊ दारातच थबकले. "हिलेबी सांगी दिनं का?"

"भाऊ, आधी ऐका," कुंदाबाई म्हणाल्या. "हॉलंडात जनावराला 'दीर' म्हणतात. त्यांचा शब्द निराळा, आपला निराळा. आपला दीर 'देवर'वरून आला. नाव सारखं, कूळ वेगळं. आपल्या आळीत दोन रुपचंद नाहीत का, तसं."

"जनावर ते जनावरच ना!" झुलालभाऊ भिंतीला हात टेकून म्हणाले. छाती खालीवर होत होती. माळेचे मणी त्यासोबत वरखाली होत होते.

त्या मण्यांकडे बघता बघता कुंदाबाईंना जिन्यात राहिलेलं अर्धं वाक्य आठवलं.

"भाऊ, तुम्ही आत्ता काय करताय?"

"काय करस? दम लागना माले. श्वास लेस."

"तेच! त्या शब्दाचा मूळ अर्थ तोच सांगतात. श्वास घेणारा तो. आपण नाही का म्हणत, प्राण आहे तो प्राणी? तुम्ही, मी, रानातला मोर, सगळेच त्यात आले. वाईट काहीच नाही त्यात."

झुलालभाऊंनी एक मोठा श्वास घेतला. सोडला. परत घेऊन बघितला. "म्हंजे रुपचंददादाबी दीर?"

"तेही."

"अन् दिपमाला?"

"तिचाही श्वास चालू आहे," कुंदाबाई म्हणाल्या. यात निंदा कितपत झाली, हे त्यांना आजही नक्की सांगता येत नाही.

झुलालभाऊ हसायला लागले. आधी पोट हसलं, मग माळ, मग ते स्वतः. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाले, "पन वहिनी, तुम्ही हाई शिकनात कसाले?"

"ललितशी बोलायला."

झुलालभाऊंनी नारळाची पिशवी खाली ठेवली. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "मना पोऱ्यासाठे ह्या वयमा परकी भाषा शिकनी ती माउली. अन् आपन तिनी कानबाई उचली लयनूत व्हतूत? मना गहू जयगावले. ललितनाबी. तो सोताना हातवरी टाकी."

कुंदाबाईंनी पदर सारखा केला. स्तुती खरी नव्हती हे त्यांना आतून माहीत होतं. पण नेम निंदेचा होता, स्तुतीचा नव्हता. पिशवीतली मूठ सैल झाली.

पुढच्या रविवारी जळगावच्या ओसरीवर कानबाई बसली. रंगवलेला हिरवा चौरंग दिपमालाने टेम्पोतून धाडला होता. त्यावर बसवावी असं 'यांचं म्हणणं' होतं, आणि कुंदाबाईंनी मोठ्या मनाने मान्य केलं, कारण चौरंग खाली असतो आणि कानबाई वर. ललितने गहू टाकले. झुलालभाऊंनी टाकले, वर ओंजळ जास्तीची टाकली. कुणी विचारलं तर म्हणाले, "मी ख्रोट दीर शे."

चुलीपाशी दोघी जावा रोट थापत बसल्या होत्या. दिपमालाचे रोट गोल होत होते, कुंदाबाईंचे अधिक गोल. मग दिपमाला हलक्या आवाजात म्हणाली, "अक्का, ते ॲप मीपण घेतलंय उतरवून. पहिलाच धडा चाललाय."

"छान," कुंदाबाई म्हणाल्या आणि पिठात हात घातला.

"तुम्ही फार पुढं गेल्यात. एक सांगा ना, आपल्या नात्याला काय म्हणतात हो तिकडं? म्हणजे… जावेला?"

नात्यांचा धडा कुंदाबाईंनी बुधवारीच टाळ्यांसकट पार केला होता. 'स्खोनझुस'. शब्दाचे दोन तुकडे केले तर अर्थ होतो, सुंदर बहीण. त्यांनी दिपमालाकडे बघितलं. कपाळाला पीठ लागलेलं, नाकाला घाम, आणि डोळ्यांत उत्तराची वाट बघणारं असं काहीतरी, की सांगून टाकलं असतं तर ती ते उभ्या धुळ्यात सांगत फिरली असती. 'आमच्या अक्का मला सुंदर बहीण म्हणतात.' शब्द ओठांपर्यंत आला.

"तो धडा अजून आला नाही गं," कुंदाबाई म्हणाल्या.

समोर चौरंगावरून कानबाई नारळावर काढलेल्या मोठाल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती. कुंदाबाईंनी पिठाचेच हात जोडले. खोटं न बोलण्याचा नेम त्यांनी यंदा घेतला नव्हता. तो पुढच्या चातुर्मासात घेऊ, असं त्यांनी देवीला मनातल्या मनात कबूल केलं, आणि आपला रोट दिपमालाच्या रोटापेक्षा नखभर मोठा थापला.